गुंडाळलेले शेवट, तोंडी लावण्यापुरती माणसं

मार्च २०१२ मध्ये ‘मास इफेक्ट ३’ बाजारात आला. २००७ पासूनचे तीन गेम, त्यांत घेतलेले शेकडो लहानमोठे निर्णय आणि एका जहाजावरच्या माणसांशी जडलेलं नातं एवढं सगळं घेऊन खेळाडू शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत पोचले. तिथे त्यांच्यापुढे तीन वाटा आल्या: लाल, निळी आणि हिरवी. कोणतीही निवडली तरी त्या रंगाची लाट आकाशगंगाभर पसरायची, जहाज कोसळायचं आणि जवळजवळ तीच दृश्यं वेगळ्या रंगात दिसायची. गेमचे दिग्दर्शक केसी हडसन यांनी आधी सांगितलं होतं की शेवट अ, ब, क यांतला एक पर्याय निवडण्यासारखा नसेल. प्रत्यक्षात तो तसाच निघाला. चाहत्यांनी ‘रीटेक मास इफेक्ट’ ही मोहीम उभारली आणि आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या ‘चाइल्ड्स प्ले’ या संस्थेसाठी सुमारे ८० हजार डॉलर जमवले. कॅनडातल्या एडमंटन शहरात, बायोवेअर कंपनीच्या कचेरीत, शेकडो कपकेक पोचले. वर लाल, निळं, हिरवं आयसिंग आणि आत सगळ्यांची चव एकच. त्या कपकेकांत जेवढी नेमकी समीक्षा होती तेवढी त्या वर्षीच्या अनेक परीक्षणांत नव्हती.

निवडीवर उभ्या असलेल्या रोल-प्लेइंग गेमांच्या म्हणजे आरपीजींच्या इतिहासात ही तक्रार एकटी नाही. २००४ चा ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २’, २००८ चा ‘फॉलआउट ३’, २०११ चा ‘ड्रॅगन एज २’, इतकंच काय, सर्वांनी डोक्यावर घेतलेला २०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’, या सगळ्यांबद्दल लोक म्हणाले की शेवट गुंडाळला. प्रत्येक वेळी जोडीला दुसरी तक्रारही होतीच: अमुक पात्र वाया गेलं, तमुकाला तोंडी लावण्यापुरतं ठेवलं. समीक्षक या दोन तक्रारी सहसा वेगवेगळ्या कप्प्यांत टाकतात. शेवट फसला तर लेखक थकले किंवा पैसा संपला. पात्राला वाव मिळाला नाही तर चाहत्यांचा लाडका मागे पडला, एवढंच. माझं म्हणणं असं की हा एकच दोष आहे, दोन टोकांनी दिसणारा. खेळाडूच्या निर्णयाला कधीतरी उत्तर मिळेल असं वचन गेम देतो, आणि ते उत्तर घेऊन येणारं माणूस असावं लागतं. ते माणूस वाटेत कुठेतरी गळालं की शेवटाकडे बोलायला कोणी उरत नाही. मग शेवटी बोलतात ते रंग, बटणं आणि अनोळखी चेहरे. (पुढे बऱ्याच गेमांचे शेवट उघड होतील, त्याशिवाय या प्रश्नाचा विचार करता येत नाही.)

माणसं का गळतात याचं कारण साध्या गणितात आहे. दोन पर्यायांचे पाच स्वतंत्र निर्णय दिले की ३२ वेगवेगळ्या अवस्था तयार होतात. दहा दिले की १,०२४. प्रत्येक अवस्थेसाठी वेगळी दृश्यं लिहायची, कलाकारांचे आवाज ध्वनिमुद्रित करायचे, चेहऱ्यांच्या हालचाली घडवायच्या, हे कोणत्याही स्टुडिओच्या आवाक्यातलं नाही. म्हणून फाटे फुटतात आणि थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र आणले जातात. हे गैर नाही. त्याशिवाय असा गेम बनतच नाही. पण शेवट म्हणजे सगळे फाटे एकदमच येऊन भिडतात ती जागा. तिथे पोचणारा खेळाडू १,०२४ पैकी कोणत्याही अवस्थेत असू शकतो आणि लेखकाला सर्वांना चालेल असं काहीतरी लिहायचं असतं. सर्वांना चालेल असं दृश्य लिहिण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ज्यांच्याबद्दल खात्री नाही अशा सगळ्यांना त्यातून वगळणं. कोण जिवंत, कोण मेलं, कोण रुसून गेलं याचा भरवसा नसेल तर त्यांच्यावाचून अडणार नाही असाच शेवट रचला जातो.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा ‘मास इफेक्ट’ मालिकेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गेममध्ये मिळतो. २०१० चा ‘मास इफेक्ट २’ हा जवळजवळ संपूर्ण गेम माणसं जमवण्याबद्दल आहे. डीएलसीमधली, म्हणजे वेगळ्या जोडभागांतली, दोन धरून बारा साथीदार, प्रत्येकाची भूतकाळाशी जोडलेली स्वतंत्र मोहीम, आणि शेवटी अशी कामगिरी जिच्यात कोणाला कोणतं काम सोपवलं, कोणाची निष्ठा मिळवली, जहाज किती सुधारलं यावर प्रत्येकाचा जीव अवलंबून. बाराही वाचू शकतात, फार हलगर्जीपणा झाला तर नायक शेपर्डही मरतो. या प्रकारातल्या उत्तम शेवटांत मी त्याची गणना करतो, कारण तिथे निर्णयाचं उत्तर ताबडतोब आणि माणसांच्याच रूपात मिळतं. पण याच शेवटाने पुढच्या गेमचं काम कठीण केलं. बारापैकी कोणीही मेलेला असू शकतो, म्हणजे कोणावरही कथानकाचा भार टाकता येत नाही. ‘मास इफेक्ट ३’ मध्ये मिरांडा, जॅक, समारा, जेकब, ग्रंट, कासुमी, झाईद हे सारे एकेका मोहिमेपुरते येतात, हजेरी लावतात आणि निघून जातात. पथकात कायम परत येतात ते गॅरस आणि टाली हे दोघेच. ज्या प्रोथियन वंशाचं कोडं तिन्ही गेमांच्या मुळाशी आहे त्या वंशाचा शेवटचा जिवंत माणूस जाविक तर प्रकाशनाच्याच दिवशी वेगळे पैसे मोजून घ्यायच्या डीएलसीत होता. तो असो वा नसो, कथा पुढे जायला हवी. आणि ज्याच्याविना कथा बिनदिक्कत पुढे जाते त्याच्याकडे तिला सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

इथे कोणी म्हणेल की मग मरणाचा पर्याय देऊच नये. पण त्याच गेममधलं तुचांका ग्रहाचं प्रकरण हे म्हणणं खोडून काढतं. क्रोगन जमातीची प्रजननक्षमता दडपणाऱ्या जेनोफेजवर इलाज करायचा की नाही, हा तिथला प्रश्न. पहिल्या गेममध्ये वर्मायर ग्रहावर रेक्स हा क्रोगन साथीदार वाचला का, दुसऱ्या गेममध्ये मेलन या शास्त्रज्ञाची संशोधनाची माहिती जपून ठेवली का, या दोन जुन्या निर्णयांवर तिथलं सारं वातावरण ठरतं. रेक्स नसेल तर जमातीचं नेतृत्व त्याच्या हिंसक भावाकडे, रीव्हकडे जातं. ती माहिती नष्ट केली असेल तर ईव्ह ही क्रोगन स्त्री जगत नाही. दोघंही नसतील तर इलाज करणारा मॉर्डिन स्वतःच डळमळतो, त्याला मागे फिरवता येतं. एरवी तो इलाज पसरवण्यासाठी मनोऱ्यावर चढून जातो आणि परत येत नाही. मॉर्डिन आधीच मेला असेल तर त्याच्या जागी पॅडक विक्स हा दुसरा शास्त्रज्ञ उभा असतो. एवढे सगळे फाटे असूनही दृश्य कोसळत नाही, कारण प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक माणूस आहे आणि त्याचं स्वतःचं म्हणणं आहे. म्हणजे मरणाची शक्यता हा खरा अडसर नव्हे. त्या शक्यतेची किंमत मोजायची तयारी तुचांकावर होती, इतर ठिकाणी नव्हती. पहिल्या गेममध्ये रॅकनाय या कीटकवंशाच्या राणीला मारलं तरी तिसऱ्यात तिची नक्कल हजर होते. शेपर्डचा वरिष्ठ अँडरसन याला आकाशगंगेच्या परिषदेवर नेमलं तरी तिसऱ्यात त्या खुर्चीत त्याचा प्रतिस्पर्धी उदिनाच बसलेला दिसतो. आणि अखेरच्या दहा मिनिटांत आकाशगंगेचं भवितव्य शेपर्डपुढे मांडतं ते एका लहान मुलाच्या रूपातलं अस्तित्व, जे खेळाडूला तोवर कधी भेटलेलंच नाही. साथीदारांपैकी तिथे एकही नाही. तीन रंगांवर लोक चिडले खरे, पण त्या रंगांच्या मागे रिकामी झालेली जागा अधिक बोचणारी होती.

‘फॉलआउट ३’ मध्ये तर दोन्ही तक्रारी एकाच दृश्यात आमनेसामने येतात. फॉक्स हा किरणोत्सर्गाची बाधा न होणारा महाकाय साथीदार. त्याची ओळख होते तीच मुळी खेळाडूसाठी किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत जाऊन एक यंत्र आणून देतो म्हणून. गेमच्या अखेरीस पाणी शुद्ध करणारं यंत्र सुरू करायला कोणीतरी अशाच जीवघेण्या खोलीत शिरायचं असतं. फॉक्स शेजारी उभा असतो. त्याला विचारलं तर तो म्हणतो की हे तुझंच भागधेय आहे, मी ते हिरावून घेणार नाही. लेखकांना बलिदानाचा शेवट हवा होता आणि फॉक्सच्या असण्याने तो निरर्थक होत होता, म्हणून त्यांनी फॉक्सला फॉक्स राहू दिलं नाही. मे २००९ मध्ये बेथेस्डाने ‘ब्रोकन स्टील’ हा जोडभाग आणला आणि फॉक्सला आत पाठवण्याची सोय केली, कथाही पुढे सुरू ठेवली. शेवट दुरुस्त करायचा तर आधी पात्राला त्याचा स्वभाव परत द्यावा लागला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

प्रकाशनानंतर केलेल्या अशा दुरुस्त्या शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट ठळकपणे दिसते. बायोवेअरने जून २०१२ मध्ये ‘एक्स्टेंडेड कट’ विनामूल्य दिला. त्याने तीन रंग काढून टाकले नाहीत. तिन्ही नाकारण्याची एक चौथी वाट तेवढी जोडली. खरी भर पडली ती माणसांची: साथीदारांना जहाजावर परत पाठवतानाचा निरोप, स्मृतिफलकासमोर उभं राहिलेलं पथक, आणि युद्धानंतर कोणाचं काय झालं हे सांगणारी चित्रं. मार्च २०१३ चा ‘सिटाडेल’ हा जोडभाग तर बव्हंशी सगळ्या जुन्या साथीदारांना एका घरी मेजवानीला बोलावण्याबद्दलच आहे, आणि चाहते आजही त्याला मालिकेचा खरा निरोप मानतात. दहा वर्षांनी बेल्जियमच्या लारियन स्टुडिओने नेमकं हेच केलं. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ आला तेव्हा शेवटाचे १७ हजार प्रकार असल्याचं सांगितलं गेलं होतं. तरी शत्रू पडल्यावर गोदीवरच्या काही मिनिटांत सगळं आटोपतं, ॲस्टेरियन हा रक्तपिपासू साथीदार उन्हापासून पळतो, कार्लाख ही साथीदार जळून जाते आणि पडदा पडतो, ही खंत लगेच व्यक्त झाली. महिनाभरातच कार्लाखचा शेवट वाढवला गेला. नोव्हेंबरअखेरच्या पाचव्या पॅचने सहा महिन्यांनंतरचा एक मेळावा जोडला, जिथे वाचलेले सारे साथीदार पुन्हा शेकोटीभोवती जमतात आणि आपण काय करतो आहोत ते सांगतात. तीन वेगळे स्टुडिओ, तीन वेगळी वर्षं. शेवटाचं दुखणं बरं करायला निघालेल्या प्रत्येकाने औषध म्हणून माणसंच परत आणली. १७ हजार या आकड्याने जे साधलं नाही ते एका शेकोटीने साधलं.

या निष्कर्षावरचा सर्वांत वजनदार आक्षेप उत्पादनाच्या बाजूने येतो. शेवट कच्चे राहतात कारण ते सर्वांत शेवटी बनतात, त्यात कथनाचं तत्त्वज्ञान कशाला शोधायचं? या आक्षेपात बरंच तथ्य आहे. ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २’ ऑब्सिडियनला डिसेंबर २००४ चा मुहूर्त गाठण्यासाठी घाईघाईत पुरा करावा लागला. मॅलाकोर ग्रहावरच्या अखेरच्या भागातून साथीदार जवळपास नाहीसेच होतात, आणि त्यांचं पुढे काय होणार हे नायकाची गुरू क्रियाच मरता मरता सांगून टाकते. चाहत्यांनी गेमच्या फाइलींत पडून राहिलेले संवाद आणि दृश्यं शोधून वर्षानुवर्षं खपून ती पुन्हा जोडली. ‘बाल्डर्स गेट ३’ चा पहिला अंक ऑक्टोबर २०२० पासून जवळजवळ तीन वर्षं खेळाडूंच्या हाताखाली घासूनपुसून निघाला. तिसऱ्याला तशी संधीच मिळाली नाही, आणि तो फरक दिसतो. वायल या साथीदाराची कथा त्या तीन वर्षांनंतर मुळापासून बदलली गेली, आणि पूर्ण झालेल्या गेममध्ये त्याचे बरेचसे निर्णय त्याचे वडील, त्याला कराराने बांधणारी मिझोरा आणि कार्लाख यांच्याभोवतीच फिरतात. हालसिन दुसऱ्या अंकात सोबतीला येतो आणि तिसऱ्यात त्याला करायला काही नसतं. हे सारं वेळेच्या ओढाताणीतून आलं हे मान्य. पण वेळ कमी पडल्यावर काय कापायचं हा शेवटी लेखकाचा आणि निर्मात्याचाच निर्णय असतो. बहुतेक वेळा कात्री साथीदारांच्या दृश्यांवर चालते आणि अंतिम लढाई मात्र राखली जाते. ‘ड्रॅगन एज २’ मध्ये जादूगार आणि त्यांचे पहारेकरी यांच्या झगड्यात जादूगारांची बाजू घेतली तरी त्यांचा प्रमुख ओर्सिनो ऐनवेळी राक्षस होऊन खेळाडूवरच चालून येतो, कारण लढाईला एक प्रतिस्पर्धी हवा होता. त्याच गेममध्ये अँडर्स हा साथीदार धर्मपीठ उडवून देतो. खेळाडूने काहीही केलं तरी ते टळत नाही. तरी ते पटतं, कारण सात वर्षं त्याच्या मनात काय शिजत होतं ते आपण पाहिलेलं असतं. दोन्ही घटना अटळ, एक खरी आणि दुसरी लादलेली. हा फरक मुदतीने पडलेला नाही.

घाई हेच एकमेव कारण असतं तर ज्यांना पुरेसा वेळ मिळाला त्यांच्याकडे हा दोष दिसला नसता. वॉर्सातल्या सीडी प्रोजेक्ट रेडचा २०१५ चा ‘द विचर ३’ हा घाईत उरकलेला गेम कोणीच म्हणणार नाही. आधीच्या, २०११ च्या गेममध्ये एक दुर्मीळ धाडस होतं: रोश हा राजाचा सैनिक किंवा आयोर्वेथ हा बंडखोर, यांतला एक निवडायचा आणि अख्खा दुसरा अंक वेगळ्या छावणीतून, वेगळ्या माणसांसोबत खेळायचा. इतक्या मोठ्या निवडीनंतर तिसऱ्या गेममध्ये रोश भेटतो. आयोर्वेथ मात्र नाही. ज्या खेळाडूंनी त्याची वाट धरली होती त्यांच्या तोंडाला पानंच पुसली गेली. त्याच गेममधलं राजा रॅडोविडच्या हत्येचं प्रकरण पाहा. डिइक्स्ट्रा हा त्या जगातला सर्वांत धूर्त हेरप्रमुख. कट यशस्वी झाल्यावर तो नायक गेराल्टसमोरच, गेराल्टच्या मित्रांना मारण्याचा बेत जाहीर करतो. इतका बुद्धिमान माणूस एवढा बावळटपणा का करतो? कारण देशाचं राजकारण कोणाच्या हाती जावं, हा शेवटचा प्रश्न खेळाडूसमोर आणायचा होता आणि त्यासाठी कोणाला तरी मूर्ख व्हावं लागणार होतं. हे फॉक्सच्या दृश्याचंच भावंड आहे.

आणि तरीही हाच गेम आपल्याला उपायही दाखवतो. गेराल्टने मुलीसारखी वाढवलेल्या सिरीचं काय होतं हे अखेरच्या खोलीतल्या बटणांवर ठरत नाही. ते ठरतं वाटेतल्या मोजक्या प्रसंगांवर: खचलेल्या तिच्याशी बर्फाचे गोळे खेळलात का, चेटकिणींच्या सभेला तिला एकटीला जाऊ दिलंत का, प्रयोगशाळेची मोडतोड करून राग काढू दिलात का, मरण पावलेल्या मित्राच्या थडग्याशी तिला नेलंत का. बक्षिसाच्या आशेने वडिलांकडे, सम्राटाकडे नेऊन सोडलंत का, हाही त्यांतलाच प्रसंग. या निर्णयांचे परिणाम आधी कळत नाहीत म्हणून काहींनी त्याला अन्याय म्हटलं. मला ते पटत नाही. मुलीवर विश्वास टाकायचा की तिला धाकात ठेवायचं हे पालकाला कोणी गुणपत्रिका दाखवून विचारत नाही. शेवटाचं सारं वजन एका पात्राच्या खांद्यावर, आणि ते पात्र शेवटपर्यंत हजर, म्हणून तो शेवट भिडतो.

भारतीय नाट्यविचारात या टप्प्याला जुनं नाव आहे. नाट्यशास्त्र कथेच्या पाच संधी सांगतं: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. निर्वहण म्हणजे आरंभी पेरलेली आणि मधल्या वाटेत विखुरलेली बीजं एका प्रयोजनाशी आणून जोडणं. रूढ अर्थाने ज्याला आपण क्लायमॅक्स म्हणतो तो वेगळा. महाभारतात अठराव्या दिवसाचं युद्ध शल्यपर्वात सरतं, रात्रीचा संहार सौप्तिकपर्वात होतो, आणि त्यानंतर अठरापैकी आठ पर्वं शिल्लक राहतात: स्त्रियांचा शोक, शरपंजरी पडलेल्या भीष्मांचा उपदेश, धृतराष्ट्राचं वनात जाणं, यादवांचा विनाश, पांडवांचं एकेक करून गळून पडणं. कोण जिंकलं यापेक्षा जिंकून कोणाचं काय झालं, याला व्यासांनी एवढी जागा दिली. आजचे मोठे आरपीजी नेमकं उलटं करतात: शंभर तास बीजं पेरतात, लढाई भव्य करतात आणि निर्वहणाला पाच मिनिटं देतात.

काही जण म्हणतील की प्रवास महत्त्वाचा, मुक्काम नव्हे. शिवाय अशा लांबलचक गेमांच्या शेवटापर्यंत पोचणारे खेळाडू बरेचदा निम्म्याहून कमी असतात, स्टीमवरच्या अचीव्हमेंटच्या टक्केवारीत ते दिसतंच. मग शेवटावर खर्च का करावा? त्याचं एक उत्तर या प्रकाराच्या मूळ आश्वासनातच आहे. निवडीचा गेम पुन्हा खेळावा म्हणून बनवलेला असतो. दुसऱ्या फेरीत वेगळं वागलो तर काय होईल, ही त्याची ओढ. शेवट सर्वांना सारखाच आहे हे कळलं की मागे जाऊन प्रत्येक निर्णयाची किंमत उतरते आणि दुसरी फेरी सुरूच होत नाही. म्हणजे खराब शेवट प्रवासालाही मागून पोखरतो. निर्मात्यांच्या कलास्वातंत्र्याचा मुद्दा २०१२ मध्ये जोरात मांडला गेला, आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून लेखकाने शेवट बदलावा असं मी म्हणणार नाही. पण दुःखद किंवा धूसर शेवटाबद्दल लोकांची तक्रार नव्हतीच. ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ लढाई संपताच थांबतो, आणि प्रत्येक वस्तीचं, प्रत्येक साथीदाराचं पुढे काय झालं ते स्थिर चित्रांवरच्या निवेदनातून सांगतो. दृश्य म्हणून ते अगदी साधं आहे. तरी लोक त्यावर समाधानी आहेत, कारण तिथे केलेल्या कामाला नाव घेऊन उत्तर मिळतं.

थोड्या माणसांत किती साधता येतं हे पाहायचं असेल तर दोन गेमांकडे वळावं. एस्टोनियात जन्मलेल्या झेडए/यूएम या गटाचा ‘डिस्को एलिझियम’ (२०१९) घटनांच्या पातळीवर जवळजवळ सरळ रेषेत जातो. खुनी अगदी अखेरीस, एका बेटावर भेटतो आणि त्याचा आधी पुरेसा सुगावा दिलेला नाही, हा आक्षेप रहस्यकथा म्हणून रास्तच आहे. पण त्यानंतर पोलीस असलेल्या नायकाचे सहकारी त्याची झाडाझडती घेतात, दारू सुटली का, पिस्तूल कुठे हरवलं, कामात नीट होतास का, आणि शेजारी उभा असलेला त्याचा तपासातला जोडीदार किम कित्सुरागी आपली साक्ष देतो. किम आधीच जखमी होऊन बाजूला पडला असेल तर त्याची जागा कुनो हे शिवराळ पोर घेऊ शकतं. ती बदली म्हणजे केवळ रिकामी जागा भरणं नाही. त्या पोराच्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी गोष्ट ठरते. दुसरा गेम ऑब्सिडियनच्या अगदी छोट्या चमूने केलेला ‘पेंटिमेंट’ (२०२२). सोळाव्या शतकातलं बव्हेरियातलं एक गाव. १५१८, १५२५ आणि १५४३ असे तीन काळ. खून कोणी केला हे गेम ठामपणे सांगतच नाही. आपण ज्याच्याकडे बोट दाखवलं त्याला शिक्षा होते, आणि पुढच्या काळात त्याच्या घरातली रिकामी जागा, वाढलेली मुलं, न विसरलेले शेजारी समोर येतात. हजारो शेवट तिथे नाहीत. उत्तर मात्र प्रत्येक दारात आहे.

निवड ही मुळात भासच असते, हेही ऐकू येतं. प्रत्येक निर्णयाने जग बदलायला हवं असा हट्ट कोणीच धरू नये. कधी कधी एका साथीदाराने नंतर केलेली एक आठवण पुरते. पण ती आठवणसुद्धा नसेल तेव्हा काय होतं हे ऑक्टोबर २०२४ च्या ‘ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड’ ने दाखवलं. आधीच्या तीन गेमांतल्या असंख्य निर्णयांपैकी त्याने फक्त तीन विचारात घेतले, तेही एकाच गेममधले. २००९ पासून मालिकेत असलेली जादूगार मॉरिगन त्यात येते, पण तिच्या मुलाबद्दल किंवा मागच्या गेममधल्या जादूच्या झऱ्यातलं पाणी नेमकं कोण प्यायलं याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. माणूस तोच आणि आठवणी पुसलेल्या, ही अनुपस्थितीहून अवघड गोष्ट आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये ‘द विचर ४’ ची घोषणा झाली आणि त्यात सिरी नायिका म्हणून दिसली, विचरचा, म्हणजे राक्षस मारणाऱ्याचा, पेशा पत्करलेली. तिसऱ्या गेममध्ये काहींच्या हातून ती सम्राज्ञी झाली होती, काहींकडे ती परतलीच नाही. स्टुडिओने त्यांतली एक सिरी निवडली, आणि पुढची कथा सांगायची तर दुसरा मार्ग नव्हता. त्यावर रुसण्यात अर्थ नाही. पण लिहिणाऱ्यांनी या वेळी कागदावर आधी माणसं मांडावीत, लढाया नंतर. आणि आयोर्वेथ जिवंत असेल तर त्याला परत आणावं. २०११ पासून त्याची वाट पाहणारे खेळाडू अजून आहेत.